एका खुंटीवर तीन वसंता

तुमच्या गल्लीत तुमच्याच नावाचा आणि तुमच्याच आडनावाचा आणखी एक माणूस राहत असेल, तर यादीत तुम्ही दोघं मिळून किती? दोन, असंच म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण एकोणिसाव्या वर्षी मी एक प्रोग्राम लिहिला, त्यानं एक म्हटलं. आणि ज्या माणसानं त्या एकाकडे बघून समाधानानं मान हलवली, त्याला मी बोलायला शिकले तेव्हापासून काका म्हणत होते.

आमची गल्ली विणकरांची. घरात शिरलं की पहिल्याच खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा, आणि त्यांच्यासमोर खोलीभर पसरलेला माग. धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला की खट्, आणि फणी कापडावर बसली की धप्प. हे खट्-धप्प ऐकतच मी झोपले, अभ्यास केला, तापात पडून राहिले. आई भिंतीपलीकडून आवाज ऐकून सांगायची की शालिकचा धागा तुटला, किंवा समोरच्यानं आज उशिरा सुरुवात केली. प्रत्येक मागाचा ठेका वेगळा असतो आणि तो विणणाऱ्याच्या पायातून येतो. सकाळी घरात दोन वास एकत्र यायचे: जेवणाच्या भाताचा, आणि सुताला लावायच्या तांदळाच्या खळीचा. लहानपणी मला वाटायचं की आम्ही आणि सूत एकाच पातेल्यातून जेवतो. आई चरख्यावर कांड्या भरत बसायची, मध्येच उठून लाखोळीचं वरण ढवळायची, जवसाची चटणी कुटायची. थंडीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचं टोपलं चरख्याजवळच असायचं आणि सालांचा ढीग आमच्या पायाशी वाढत जायचा.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. बाबा विणकर समितीत होते, आणि समितीची पत्रकं लिहायचे समोरच्या घरातले गुणवंता काका, बाबांचे पाटीपासूनचे दोस्त. उरलेले गठ्ठे आमच्याकडे यायचे. गुलाबी, पिवळा, हिरवा असा तो पातळ कागद फळीवर अंथरलेला असायचा, माझ्या वह्यांना चढवलेला असायचा, खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवलेला असायचा. 'जाहीर आवाहन' हे मी अडखळत वाचलेले पहिले दोन शब्द. चौदाव्या वर्षी काकांनी मला पेन दिलं आणि म्हणाले, आता तू लिही. माझी दोन वाक्यं गल्लीत तोंडपाठ झाली. एक होतं, 'माणूस म्हणजे क्रमांक नव्हे.' दुसरं, 'एक माणूस, एक माग, एक नाव.' हे दुसरं विणकरांच्या सहकारी संस्थेच्या जुन्या संचालकांविरुद्ध होतं. त्यांनी सभासदांच्या यादीत आपल्याच माणसांची नावं दोनदा, तीनदा घुसवली होती, आणि खऱ्या विणकरानं विचारलं की ते म्हणायचे, पुढच्या यादीत पाहू. या 'पुढच्या यादीत'ची आम्ही पत्रकांतून इतकी थट्टा केली की पोरं खेळताना बाद झालेल्या गड्याला तेच म्हणायची.

माझं तिसरं गाजलेलं पत्रक टोपणनावांविरुद्ध होतं. गल्लीत तीन वसंता धकाते होते: बंडीवाला वसंता, नाल्यावरचा वसंता आणि चष्म्याचा वसंता. शिवाय लंगडा शालिक होता, काळा देवा होता. संस्थेच्या वहीतसुद्धा नावापुढे ही टोपणनावं लिहिलेली असायची. मला संताप यायचा. मी लिहिलं की माणसाला त्याच्या व्यंगावरून आणि रंगावरून हाक मारणं थांबवा. काकांनी मुद्रितं तपासताना विचारलं, "मग आता लंगड्या शालिकले काय म्हणाचं वो? पळता शालिक?" आणि हसत हसत ते छापायला पाठवलं. शालिकनं पत्रक वाचून निरोप धाडला की त्याच्या बायकोलाही पूर्ण नाव माहीत नाही, तेव्हा राहू द्या. मी ऐकलं नाही. त्या वयात मला लोकांच्या बाजूनं बोलायची एवढी घाई असायची की लोक काय म्हणतात ते ऐकायचं राहून जायचं.

आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दरवर्षी तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या चौकात संस्थेची वही वाचली जायची. सगळे माग थांबायचे. सचिव एकेक नाव टोपणनावासकट वाचायचा आणि तो माणूस म्हणायचा, "आहे." उत्तर आलं नाही तर कोणीतरी म्हणायचं, "गेला," किंवा "सुरतेले गेला." मग नावावर रेघ. मुरमुरे वाटले जायचे, लहान पोरं मोठ्यांच्या आवाजात "आहे, आहे" करून मार खायची. पूर्ण दुपार जायची. जुन्या संचालकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हे वाचन बंद केलं. समितीनं ते भांडून परत सुरू करवलं. त्या भांडणाचं पत्रक गुणवंता काकांचं होतं.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मी भंडाऱ्याला कॉलेजात जाऊ लागले तोवर समिती निवडून आली होती आणि गुणवंता काका संस्थेचे सचिव झाले होते. आम्ही जिंकलो होतो. विणकरांसाठी सामायिक शेड मंजूर झाली, उंच जोत्याची, आणि यादीत नाव असेल त्यालाच तिथे मागाची जागा मिळणार होती. या शेडची खरी गरज कोणाला असेल, तर नाल्यावरच्या वसंताला. मी त्यांना मामा म्हणायची. पावसाळ्यात त्यांच्या मागाच्या खड्ड्यात नाल्याचं पाणी झिरपायचं. बादलीनं उपसलं की तासाभरात पुन्हा भरायचं. मागावर लावलेला ताणा, म्हणजे उभे धागे, कुजायचा. चार महिने ते दुसऱ्याच्या मागावर बदली बसायचे आणि मान खाली घालून दुसऱ्याचं कापड विणायचे.

एका दुपारी गुणवंता काका नागपूरहून आले, वरठी स्टेशनावर गाडीतून उतरून तसेच सायकलनं आमच्याकडे. पिशवीतून त्यांनी जाड पुस्तक काढलं. कव्हर फाटलेलं, फुटपाथवरून घेतलेलं. पायथनचं, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या एका भाषेचं. "दुकानदार म्हणे, सध्या हेच चालून राहिलं," ते म्हणाले. "संस्थेचा कॉम्प्युटर धूळ खात पडला आहे. शिक. अन् आपली यादी साफ करून दे. जुन्यांनी घुसवलेले सगळे भुतं काढ." ते पुस्तक आजही माझ्याकडे आहे. रविवारी मी मुलांना शिकवते तेव्हा टेबलावर असतं. फेकून द्यावंसं खूपदा वाटलं.

मुलांना आज जसं सांगते तसंच इथे सांगते. सेट म्हणजे लग्नाचं आवतण. आवतण देणारा एका दारी चुकून तीनदा गेला तरी त्या घरून माणूस एकदाच जेवायला येतो. सेटमध्ये एकच गोष्ट कितीदाही टाका, ती एकदाच राहते. आणि कोण आधी, कोण नंतर, हे सेट सांगत नाही. त्याला ओळ नसते. डिक्शनरी म्हणजे आमच्या घरातली खुंट्यांची भिंत. प्रत्येक खुंटीला नाव, त्या खुंटीवर सुताची एक लड. खुंटीचं नाव म्हणजे की, लड म्हणजे व्हॅल्यू. नाव सांगितलं की पायथन सरळ त्या खुंटीपाशी जातो, सगळी भिंत धुंडाळत बसत नाही. दोन्ही महिरपी कंसात लिहितात, म्हणून नवशिक्या फसतो: रिकामे महिरपी कंस लिहिले तर पायथन त्याला डिक्शनरी समजतो, रिकामा सेट हवा असेल तर सेट असा शब्द लिहून पुढे साधे कंस द्यावे लागतात. यात माझे दोन दिवस गेले होते. पण एक गोष्ट पुस्तकात लिहिलेली असूनही मी नीट वाचली नाही. ज्या खुंटीवर आधीच लड आहे, तिच्यावर दुसरी टांगली तर पहिली नाहीशी होते. पायथन ओरडत नाही. चूक दाखवत नाही. पुढच्या ओळीवर जातो.

सेट मला पहिल्या भेटीतच आवडला. माझंच पत्रक कोणीतरी यंत्राला शिकवलं होतं: एक माणूस, एक नाव. वहीतली नावं मी स्वतः टाइप केली. टोपणनावं गाळली, कारण ती अपमानाची होती. नावांचा सेट केला. मग डिक्शनरी बनवली. वहीत प्रत्येकापुढे माग क्रमांक होता, पण खुंटीला क्रमांक द्यायचा म्हणजे माणसाला क्रमांक करायचं, आणि त्याविरुद्ध तर मी लिहिलेलं. म्हणून खुंटीचं नाव माणसाचं नाव, आणि तिच्यावर टांगलेला माग क्रमांक. प्रोग्राम चालला. नावं धडाधड कमी झाली. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यावरची यादी वरून खालपर्यंत वाचत होते, ओठ हलवत, चौकात वाचायचे तशी. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी मान हलवली. "बराबर आहे, बाई. कॉम्प्युटर काही चुकत नाही." त्या वर्षी चौकात वाचन झालं नाही. "आता वाचाचं काय काम," काका म्हणाले, आणि मीच अभिमानानं सगळ्यांना सांगत फिरले की आता गरज नाही.

यादी संस्थेच्या फळ्यावर लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्यावरचे वसंता मामा आमच्या दारात आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"रोशनी, तुह्या मशीनमंधी मी मेलो का वो?"

आईनं कांडी ठेवली. "बसा भाऊ, पाणी देते."

"पाणी नोको ताई. खड्ड्यात भल्लं आहे, तेच उपसून राहिलो." ते उंबऱ्यावरच बसले. "फळ्यावर वसंता धकाते आहे. मी खुशीत घरी गेलो, बायकोले सांगतलं. मंग चष्म्याचा म्हणे, तो मी आहे, पाह माग नंबर. त्याचाच होता. बंडीवाला नाही, मी नाही. आम्ही दोघं कुठी गेलो?"

मी काहीतरी म्हणाले, बघते असं काहीतरी. पण उंबऱ्यावरून उठेपर्यंत मला कळलं होतं. तीन वसंता मी एकाच खुंटीवर टांगले होते. वहीत चष्म्याचा शेवटी होता, म्हणून तोच उरला. ज्या टोपणनावांनी गल्ली त्यांना वेगळं ठेवत होती ती मी पुसली होती, आणि ज्या क्रमांकानं ते वाचले असते तो मी तत्त्वासाठी नाकारला होता.

त्याच दुपारी मी संस्थेत गेले. काका नव्हते. मी प्रोग्राम उलटा केला: खुंटीला माग क्रमांक, आणि तिच्यावर नाव, टोपणनावासकट. तिन्ही वसंता आले. लंगडा शालिक लंगडा म्हणूनच आला. जुन्या संचालकांची खरी भुतं, एकाच मागावर दोनदा लिहिलेली, तेवढी गळाली. चूक नेमकी किती जणांना भोवली ते बघावं म्हणून फळ्यावरची यादीही टाइप केली आणि दोन्हींचे माग क्रमांकांचे सेट केले. सेटची वजाबाकी करता येते. खऱ्या यादीतून फळ्याची यादी वजा केली की बाहेर राहिलेले मिळतात. सात निघाले. दोन वसंता, आणि असेच नाव जुळणारे आणखी पाच. सात जणांची मी गुन्हेगार. मग उलटी वजाबाकी केली, फळ्यातून खरी वजा, निव्वळ सवयीनं, पुस्तकात दोन्ही उदाहरणं शेजारी होती म्हणून. ती रिकामी यायला हवी होती. तिथेही सात निघाले.

आमच्या गल्लीत माग क्रमांक एकशे बाराला संपतात. हे सात एकशे तेरापासून पुढचे होते. सातांची मिळून दोन आडनावं, आणि दोन्ही गुणवंता काकांच्या सासुरवाडीची, लाखांदूरकडची. ते लोक मला माहीत होते. धानाची शेती करणारी भली माणसं, काकांच्या मुलीच्या लग्नात मला आग्रह करून वाढणारी. त्यांच्यापैकी कोणी धोटा हातात धरलेला नव्हता. माझी यादी फळ्यावर जाण्याआधी पेनड्राइव्हवरून एकाच माणसाकडे गेली होती.

काका आले तेव्हा मी खुर्चीतच होते. ते सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत समोर बसले, पन्नी दोन तळहातांत फिरवत.

"काका, तीन वसंताचा एक झाला ते तुमाले पहिल्याच दिवशी दिसलं होतं?"

"दिसलं ना. मी याच गल्लीत जन्मलो, बाई. मले वसंते मोजाले कॉम्प्युटर कायले लागते."

"मग बोल्ले काहून नाही?"

"तू एवढी खुश होती." पन्नी फिरत राहिली. "अन् सात जागा खाली झाल्या. खाली जागेवर कोणी ना कोणी येऊन बसतेच. मी म्हटलं, आपलेच बसू दे."

"ते धान लावतात काका."

"शिकतीन. अन् संस्थेच्या इलेक्शनमंधी हात वर करतीन. जुने परत येऊन राहिले, तुले दिसत नाही. समिती टिकवाची असन तं हात पाहिजेत, पत्रकं नाही."

"मी हे लिहीन."

"लिही. खाली नाव कोणाचं टाकशीन?" ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले, आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "यादी तुही आहे. टोपणनावं तुनं काढली. वाचाची गरज नाही, हे तुनं घरोघरी सांगतलं. मी तं फक्त सही केली."

घरी बाबा जेवत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते वरणभात कालवत राहिले. आई त्यांच्याकडे बघत होती, वाढायचं विसरून.

"गुणवंता नसता तं तू शिकली नसती," बाबा म्हणाले.

"वसंता मामाच्या खड्ड्यात पाणी आहे, बाबा."

"मले माहीत आहे." ते घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, "त्याचं पुढच्या यादीत पाहू."

त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते. मलाही. फळीवर अंथरलेल्या गुलाबी कागदावर तेच शब्द होते, आणि आम्हा तिघांपैकी कोणीही तिकडे बघितलं नाही.

मी पत्रक काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला छापायला भीती वाटली, कारण खाली कोणाचं नाव टाकायचं ते खरंच कळत नव्हतं. मी दारोदार जाऊन एवढंच सांगितलं की रविवारी दुपारी चौकात वाचन आहे, मी वाचणार आहे, आणि चूक माझी आहे. "आता मशीन नाही का?" असं टोमण्यानं विचारणारेही आले. एकेक करत सगळे माग थांबले. मी माग क्रमांकानं सुरुवात केली, पुढे नाव, पुढे टोपणनाव. "शालिक, लंगडा," मी वाचलं. तो मागून ओरडला, "आहे, अन् लंगडाच आहे," आणि लोक हसले. तीन वसंतांनी तीनदा "आहे" म्हटलं. नाल्यावरच्या वसंता मामांनी जरा जास्तच जोरात. सगळ्यात शेवटी मी एकशे तेरापासूनची सात नावं वाचली. प्रत्येक नावानंतर थांबले. एकदाही "आहे" आलं नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी गुणवंता काका उभे होते. सातव्या नावानंतर ते वळून गेले.

लोक ती वही घेऊन सरकारी कचेरीत गेले, पुन्हा गेले, आणखी एकदा गेले. वसंता मामांना शेडमध्ये जागा मिळाली, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. सातांपैकी काही नावं कटली, काही तशीच राहिली. काका पुढच्या वेळीही निवडून आले. समोरच्या घरातून ते निघाले की मी आजही आत जाते.

पण काकांचं मी समजू शकते. ते निदान उत्तर देत बसले. त्या रविवारी सगळे माग थांबले असं मी वर लिहिलं आहे, ते खरं नाही. एक चालू होता. मी "माग क्रमांक एकोणपन्नास" म्हणाले, बाबांचं नाव घेतलं आणि थांबले. गर्दीतल्या लोकांनी माना खाली घातल्या. आमच्या घरातून खट्-धप्प, खट्-धप्प येत राहिलं, नेहमीच्या ठेक्यात, एकही धागा न चुकवता. मग पन्नास वाचलं. बाबा आता नाहीत, आणि त्या दुपारबद्दल आम्ही दोघं शेवटपर्यंत एक शब्द बोललो नाही.

तुम्ही हे पायथन शिकण्यासाठी वाचत असाल, तर खुंटीला काय नाव द्यायचं ते निवडण्याआधी ज्यांची यादी आहे त्यांना विचारा, आणि वजाबाकी दोन्ही बाजूंनी करा. पण मला तुमच्याकडून खरं तर याहून साधं काम हवं आहे. तुमच्या हातून कोणतीही यादी जाणार असेल, शेडची, रेशनची, मतदारांची, वर्गातल्या मुलांची, तर ती पुढे धाडण्याआधी त्या माणसांमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचा. प्रत्येक नावानंतर थांबा. "आहे" ऐकू येईपर्यंत पुढचं नाव घेऊ नका.